दरीवरून ओढलेली रेघ

"एकोणीस नंबरचा हिवाळा काढून टाक. शुक्रवारी चार वाजता मॉडेलची नवी आवृत्ती कायम होईल, त्याआधी हे झालं पाहिजे. यावर आता चर्चा नको."

दामिनी गावंडेनं हा निरोप राजापेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत उभ्याउभ्या वाचला आणि हातातला चहा मोरीत ओतला. चर्चा नको म्हणणाऱ्या माणसांशी तिचं कधीच जमलं नाही. त्यातून हा निरोप तिच्या साहेबांचा, डॉक्टर किशोर देशमुखांचा.

हिवाळा काढून टाक म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात माणसाच्या उंचीची पिवळी नळकांडी सोडलेली असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. त्यांना सुकाणू नाही, पंखा नाही. पाणी नेईल तिकडं जायचं. दर काही दिवसांनी खोल बुडी मारायची, वर येताना पाणी किती गरम आणि किती खारं ते मोजत यायचं, आणि वर डोकं काढून उपग्रहाला कळवायचं की मी अमुक जागी आहे आणि माझ्या खाली असं असं आहे. हिवाळ्यात डोक्यावर बर्फ धरतं. मग डोकं काढता येत नाही. फ्लोट बिचारं बर्फाखालीच हिंडत राहतं, मोजत राहतं, लक्षात ठेवत राहतं. उन्हाळ्यात बर्फ फाटलं की वर येतं आणि महिनोनमहिने पोटात साठवलेलं एका दमात ओकतं.

एकोणीस नंबरच्या फ्लोटनं असा एक पूर्ण हिवाळा बर्फाखाली काढला होता. समुद्राच्या त्या कोपऱ्यात त्या हिवाळ्यात मोजणारं दुसरं कुणी नव्हतं. जहाज जाऊच शकत नाही, माणसाचा तर प्रश्नच नाही. ते आकडे फेकले की तो हिवाळा जगात झालाच नाही. पुन्हा जाऊन मोजू म्हणावं, तर गेलेला हिवाळा कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

आता दुसरी बाजू, मॉडेल. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बांधलेला समुद्र. बर्फाच्या बुडाखाली किती गरम पाणी शिरतंय, पुढं किती बर्फ वितळणार, हे त्याला विचारतात. पण नुसत्या गणितावर सोडलं की मॉडेल भरकटतं. मग खऱ्या समुद्रात मोजलेल्या आकड्यांनी त्याचा कान धरून त्याला जागेवर आणायचं. कुठले आकडे आत सोडायचे आणि कुठले फाटकावरूनच परत पाठवायचे, हे ठरवायच्या कामावर दामिनी होती. संस्था समुद्रकाठी, ही वऱ्हाडात. हिला घरून काम करायची मुभा.

आणि फाटकाचा नियम असा, की जो आकडा मॉडेलच्या अंदाजापासून फार लांब असेल तो परत. साक्षीदाराला विचारायचं, आरोपीचं म्हणणं तुला पटतं का? नाही पटत? चालता हो! नियम अगदीच गाढवाचा होता असंही नाही. यंत्रं बिघडतात, बॅटऱ्या मरतात, काहीच्या काही आकडे येतात. पण ज्याला सुधारायचं त्यालाच विचारून मास्तर निवडायचा, हे दामिनीच्या डोक्यात कधी बसलं नाही.

तिनं फोन लावला.

"दामिनी, लिहिलेलं वाचत नाहीस का तू?" किशोर सर म्हणाले. सर अकोल्याचे, जठारपेठेतले. पण वीस वर्षांत जिभेवरून अकोला असं घासून काढलं होतं की औषधालाही सापडू नये.

"वाचलं सर. फ्लोट बिघडलेला नाही. सोडायच्या आधी तपासला तेव्हा बरोबर. हिवाळ्यानंतर जहाज त्याच्याजवळून गेलं, त्यांनी मोजलं, तेव्हाही बरोबर. मग मधल्या काळात तो येडा झाला होता अन् उन्हाळ्यात पुन्हा शहाणा झाला, असं म्हणायचं का?"

"भाषा जरा सांभाळ. हे बघ, फ्लोटची जी जागा आहे, नेमक्या त्याच जागी आधीच्या दोन हिवाळ्यांत तीन सीलनी मोजलंय. तिन्ही सीलचं उत्तर एकच. पाणी तळापर्यंत थंडगार. मॉडेल म्हणतं थंड, सील म्हणतात थंड, आणि तुझा एकटा एकोणीस नंबर म्हणतो खाली गरम आहे. तू माझ्या जागी असतीस तर कुणाचं ऐकलं असतंस?"

हे गरम म्हणजे हात पोळणारं नव्हे, शून्याच्या वर अंशभर, पण बर्फाला तेवढं पुरतं. आणि सीलचा मुद्दा खोटा नव्हता. तिकडं सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या डोक्याला मोजायचं यंत्र चिकटवतात. सील बुड्या मारते, यंत्र मोजतं. खालच्या मजल्यावरच्या जानरावांना, म्हणजे तिच्या घरमालकांना, तिनं हे एकदा सांगितलं होतं. "म्हणजे म्हशीच्या शिंगाले मोबाईल बांधल्यावानी!" म्हणून ते हसता हसता ठसकले होते.

"भावनेनं आकडे चालत नाहीत," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

भावना म्हणे.

या बाईला लोक पहिला प्रश्न हाच विचारत, की वऱ्हाडात समुद्र आहे कुठं? जानराव तर म्हणत, "अवं, आपलं वडाळीचं तलाव हाय ना, तेथं मोज!" तिचं उत्तर ठरलेलं असे, "आमच्या हिरीतच समुद्र होता काका." तिचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. हीर खणा, खारं. हापशी मारा, खारं. चहा त्याचा, वरण त्याचं. त्या पाण्यानं गावातल्या माणसांच्या किडन्या एकामागून एक बसल्या. दामिनी शाळेत असताना पाणी तपासायला एक माणूस आला होता. त्याला उन्हात गावापर्यंत यायचा कंटाळा आला. त्यानं अलीकडच्या गावच्या नळाला बाटली भरली, वर चिठ्ठी लावली ती यांच्या गावाची. उत्तर आलं, पाणी उत्तम आहे. तिचे वडील खुशालराव तालुक्याला खेटे घालत राहिले आणि शेवटी पुन्हा तपासणी लावूनच थांबले. तोवर दामिनीची आई डायलिसिसच्या खाटेवर पोचली होती. तिथून ती घरी आली नाही.

तेव्हा पाण्यात मीठ किती आणि ते कुणी मोजलं, हा प्रश्न या पोरीनं पुस्तकातून उचललेला नव्हता. ज्याला याला भावना म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी ती पुन्हा एकोणीस नंबरचे आलेख उघडून बसली. गरम पाण्याची रेष रोज बघून पाठ झाली होती. समोरच्या क्लासमधून मास्तरांचं माइकवरचं "बेटा, लक्ष इकडं" चालू होतं. ते तिला ऐकू येत नसे, सवय झाली होती. पण खालून जो आवाज चढला तो सवयीतला नव्हता.

खाली जानरावांचं गाड्या भाड्यानं द्यायचं ऑफिस. दामिनी तरातरा जिना उतरली. "काका, माणसानं काम करावं का नाही? काय चाललं हे?"

जानराव मोबाईल नाचवत होते. समोर शाहनवाज, त्यांच्या जीपचा ड्रायव्हर, अचलपूरचा. काल चिखलदऱ्याला सवारी घेऊन गेला होता.

"तूच पाह्य दामिनी! गाडीले म्या ट्रॅकर लावला. नकाशा म्हणते, परतवाड्याहून चिखलदरा एवढंसं. अन् याचं मीटर म्हणते, एवढं मोठं! मधातले किलोमीटर कोठं गेले? याच्या सासऱ्याच्या शेतात?"

"मालक, खुदा कसम, घाटातूनच गेलो. दुसरा रस्ता हाय का तेथं?"

"मंग नकाशा खोटं बोलते का बे?"

"नकाशा पाहा ना तुमी! डोये उघडून पाहा! रेघ कोठून गेली? दरीवरून! म्हणजे माही गाडी उडाली का? मी ड्रायव्हर हाव का पायलट?"

दामिनीला हसू फुटलं. तिनं जानरावांच्या हातून मोबाईल घेतला. परतवाड्याच्या पुढं एक ठिपका, चिखलदऱ्याच्या अलीकडं दुसरा, आणि मधे फुटपट्टीनं ओढावी तशी निळी रेघ. दऱ्या, डोंगर, जंगल, सगळ्यावरून सरळ.

"काका, घाटात रेंज असते का?"

"नसते. आख्ख्या मेळघाटात नसते."

"मग मधे गाडी कुठं होती हे याला ठाऊकच नाही. दोन टोकं खरी. मधलं यानं आपल्या मनानं ओढलं."

"पण ओढलं ना! कंपनीनं काही इचार करूनच ओढलं असंल!"

"गाडी घाटानं वळणं घेत गेली, डोंगराच्या कडेकडेनं. आणि हा म्हणतो..."

ती मधेच थांबली. शाहनवाज म्हणाला, "बोला ना ताई, हा काय म्हणते?" पण ताई जिन्यावर पोचल्या होत्या.

बर्फाखाली रेंज नसते.

हिवाळाभर एकोणीस नंबरला डोकं वर काढता आलं नव्हतं. मग त्या प्रत्येक बुडीसमोर जागा लिहिली होती ती कुठून आली? शरदात तो बर्फाखाली शिरला तो एक ठिपका. उन्हाळ्यात बाहेर आला तो दुसरा. मधली रेघ प्रोग्रामनं ओढलेली. आकड्यांच्या शेजारी तसा बारीक शेराही होता, 'जागा अंदाजे'. सगळ्यांना ठाऊक होतं. उघड्या समुद्रात दहा-वीस किलोमीटर इकडंतिकडं झालं तरी पाणी तेच, म्हणून त्या शेऱ्याकडं कुणी बघत नसे. दामिनीनंही बघितलं नव्हतं. महिनाभर ती यंत्राच्या बाजूनं भांडत होती आणि जागेबद्दल एक शब्द बोलली नव्हती. जिच्या गावाची चिठ्ठी दुसऱ्याच गावच्या पाण्याच्या बाटलीवर लागली, ती!

पाणी खरं, बाटली खरी. चिठ्ठी खोटी.

तिनं समुद्रतळाचा नकाशा उघडून त्यावर ती सरळ रेघ टाकली. रेघ जात होती एका मोठ्या उंचवट्यावरून. समुद्रातलं पठारच ते, वर जेमतेम साडेतीनशे मीटर पाणी. सील तिथंच बुड्या मारायच्या. त्यांनी थंड पाणी सांगितलं, ते पठारावरचं. खरंच असणार. आणि पठाराला वळसा घालून, बर्फाच्या बुडापर्यंत जाणारी एक खोल घळ होती.

मग तिनं फ्लोटची मूळ फाइल काढली. प्रोग्रामनं साफसूफ केलेली रोजची फाइल बाजूला ठेवली. फ्लोटनं ओकलं तेव्हा जशी आली होती तशी. आणि तिच्या तोंडून शिवी गेली. ती इथं लिहीत नाही, वऱ्हाडातल्या वाचकानं समजून घ्यावी.

मूळ फाइलीत फ्लोट सातशे मीटरपर्यंत बुडत होता.

साडेतीनशे मीटर पाण्यात सातशे मीटर बुडी! फ्लोटनं काय दगडात बोअर मारला होता? म्हणजे तो पठारावर नव्हताच. तो घळीत होता.

मग हे आजवर कुणाला दिसलं कसं नाही? प्रोग्राममध्ये एक ओळ होती, मॉडेलच्या तळाच्या खालचा आकडा वाचू नये. ओळ शहाणपणाची, जमिनीच्या आत कुठं समुद्र असतो? फक्त ती ओळ आकडे कापायची तेव्हा चकार शब्द काढायची नाही. आधी खोटी जागा द्यायची, मग त्या जागेत मावत नाही म्हणून खालचा अर्धा फ्लोट कापायचा, आणि उरलेल्या अर्ध्याला म्हणायचं, तू खोटं बोलतोस! एकाही माणसानं लबाडी केली नव्हती. सगळे आपापली ओळ इमानदारीनं लिहून घरी गेले होते.

आता काम सोपं नव्हतं. फ्लोट सरळ गेला नाही एवढं कळलं, पण मग गेला कुठून? काही बुड्यांत तो तळाला टेकला होता. जिथं टेकला तिथली खोली त्यानं लिहिली होती. बर्फाखालचं पाणी डोंगराच्या घाटासारखं उताराच्या कडेकडेनं वाहतं. ते उगाच चढत नाही, उगाच उतरत नाही. मग टेकलेल्या खोल्या आणि उताराच्या कडा जुळवत तिनं वाट बांधायला घेतली. बांधण्याआधी उष्णतेचा रकाना फाइलीतून काढून दुसरीकडं ठेवला. सर काय विचारणार ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

वाट निघाली ती पठाराला वळसा घालून, घळीच्या कडेनं, नागमोडी. दोन-तीन ठिकाणी दोन वाटा शक्य होत्या. तिथं तिनं दोन्ही ठेवल्या आणि शंकेचं माप मोठं धरलं. मग संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर दोन चाचण्या लावल्या. एका मॉडेलला एकोणीस नंबरचा हिवाळा दिला, दुसऱ्याला दिला नाही. दोघांनाही न दाखवलेली एक गोष्ट तिनं मुठीत ठेवली, घळीच्या तोंडाशी जहाजानं उन्हाळ्यात घेतलेलं माप.

शुक्रवारी दुपारी उत्तरं आली. ती वाचतेय तोच पंखा थांबला. गल्लीच्या टोकाला धडाम झालं, राजापेठेतली डीपी उडाली. नेट गेलं, पाठोपाठ मोबाईलची रेंजही. क्लासच्या मास्तरांचा माइकही मेला, एवढंच सुख.

"केव्हा येईल लाइट?" तिनं गॅलरीतून ओरडून विचारलं.

"आज का उद्या, तो वायरमन जाणे!" जानराव खालून म्हणाले.

शाहनवाज जीप पुसत होता. पाठीवर बॅग टाकून दामिनी खाली आली. "कुठं निघाला?"

"अकोल्याले. स्टेशनावरून पाव्हणे उचलायचे हायत संध्याकाळी."

"आत्ता निघ. मला बाबांच्या घरी सोड. चारच्या आत."

"मालक म्हणतील..."

"मालकाले मी सांगतो," जानराव म्हणाले. "पण बाई, हा रस्ता सोडून गेला तर मले सांगजो."

बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं. दामिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन आलेख जुळवत होती. शाहनवाजनं खड्डा चुकवला की ती "हळू!" म्हणायची, आणि हळू चालवली की "कावून हळू चालवून राहिला?" म्हणायची. शेवटी तो म्हणाला, "ताई, एक काहीतरी ठरवा. अन् एवढं काय हाय त्या लॅपटॉपात?"

"एक हिवाळा आहे. चारला फेकून देणार आहेत."

"कोण?"

"नकाशावाले."

"मंग सोडू नका," तो म्हणाला, आणि पुढचा टँकर मागं टाकला.

अकोल्यात खुशालरावांनी लाइट आहे, नेट आहे, पाहून ठेवलं होतं. शेजारच्या पोट्ट्यांना टीव्ही बारीक करायला लावला होता. स्वतः ते कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसले. "तू बोल माय. मी नाही बोलत."

चार वाजता पडद्यावर सात-आठ चेहरे आले. मधे किशोर सर. "सगळे मुद्दे झालेत. एकोणीस नंबर दामिनीनं काढलाच असेल. मग पुढं..."

"काढला नाही सर."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी लेखी सांगितलं होतं."

"हो. आणि मी तुम्हाला चूक करू देणार नव्हते, म्हणून काढला नाही. पाच मिनिटं द्या. नंतर मला काढायचं असेल तर मला काढा."

खुशालरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिनं पहिलं चित्र लावलं. पठार, त्यावरून सरळ रेघ, आणि मूळ फाइलीतल्या बुड्या, पठाराच्या दगडात अर्ध्या घुसलेल्या. एका तरुण चेहऱ्यानं पडद्यावर पुढं वाकून पाहिलं आणि "अरे देवा" म्हटलं.

"हे आधी कापलं जात होतं," दामिनी म्हणाली. "आपल्याच प्रोग्राममध्ये. न सांगता. फ्लोट पठारावर कधी गेलाच नाही. सील खोटं बोलत नाहीत, फ्लोटही खोटं बोलत नाही. त्यांची गावंच वेगळी आहेत."

किशोर सरांनी चष्मा काढून पुसला. मग जे विचारायचं तेच विचारलं. "मग नवी वाट तू ठरवलीस. तुला गरम पाणी हवं होतं, तू फ्लोट गरम पाण्याच्या घळीत नेऊन ठेवलास. ही तर उत्तर बघून गणित सोडवण्याची गोष्ट झाली."

"वाट बांधताना उष्णतेचा रकाना माझ्याजवळ नव्हता. फक्त खोली होती. वाट तयार झाली, तिच्यावर तारीख-वेळ पडली, आणि त्यानंतर मी उष्णता जोडली. हे बघा." तिनं दाखवलं. "आणि माझ्यावर भरवसा ठेवू नका. जहाजाच्या मापावर ठेवा. ते दोन्ही चाचण्यांना दाखवलेलं नव्हतं."

तिसरं चित्र. घळीच्या तोंडाशी जहाजानं मोजलेली रेषा काळी. फ्लोटशिवायच्या मॉडेलची निळी, लांब, थंड. फ्लोटसकट मॉडेलची लाल. लाल रेषा काळीला चिकटली नव्हती. पण निळीपेक्षा निम्म्याहून जवळ आली होती.

"वरच्या थरात मात्र लाल रेषा थोडी बिघडली आहे," सर लगेच म्हणाले. नजर तीक्ष्ण होती माणसाची, ते मान्यच करायला हवं.

"बिघडली आहे. ते झाकणार नाही. कशानं बिघडली ते मला अजून कळलं नाही. पण बर्फाला खालून जे खातं ते खालचं पाणी आहे, आणि तिथं आपण आजवर चुकत होतो. वरची चूक मी शोधीन. तिच्यासाठी खालचं खरं फेकून देऊ नका."

भिंतीकडून हलक्या आवाजात आलं, "त्याले बाटलीवाल्याचं सांग."

"बाबा!"

"कोण आहे तिथं?" सरांनी विचारलं.

"माझे वडील आहेत सर. खारपाणपट्ट्यातले. त्यांच्या गावाची चिठ्ठी एकदा दुसऱ्याच गावच्या पाण्याच्या बाटलीवर... राहू द्या. ते पुन्हा कधी."

किशोर सर काही क्षण पडद्यावरून खाली कुठंतरी बघत राहिले. खारपाणपट्टा काय असतो हे जठारपेठेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिकडचे लोक पिंपं घेऊन शहरातल्या नातेवाइकांच्या नळाला येत, ते त्यांच्या दारातही आलेच असतील. मग त्यांनी मान वर केली, आणि वीस वर्षांत कुणी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "अवं, मंग बुधवारीच कावून नाही सांगतलं हे?"

"तुमीच म्हणले सर, चर्चा नको."

पडद्यावर कुणीतरी खोकून हसू लपवलं. सरांनी लपवलं नाही. मग ते पुन्हा साहेब झाले. एकोणीस नंबरचा हिवाळा नव्या वाटेवर, शंकेचं मोठं माप धरून, मॉडेलमध्ये जाईल. आवृत्ती सोमवारी कायम होईल. वरच्या थराची चूक दामिनीनं शोधायची. "झालं?"

"नाही झालं," दामिनी म्हणाली. "बर्फाखाली हिवाळा काढणारा एकोणीस नंबर एकटा नाही. बाकीच्यांच्याही रेघा सरळच ओढल्यात. त्यांचंही खालचं गुपचूप कापलं जातंय. ती ओळ बदलायची. कापायचं असेल तर ओरडून कापायचं. प्रत्येक वेळी, कुणाचं काय कापलं ते माणसाच्या तोंडासमोर आलं पाहिजे."

"ते सगळं तपासायला किती महिने जातील, कल्पना आहे?"

"आहे."

"कोण करणार?"

"मीच. दुसरं कोण बसलंय?"

सरांनी मान डोलावली. पडदा बंद झाला.

खुशालराव उठले, मांडीवरची टरफलं झटकली. त्यांनी जिंकलीस का म्हणून विचारलं नाही. माठातलं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढं ठेवलं. "पी. गोड हाय." ते रोज तसंच म्हणत. अकोल्याला राहायला येऊन इतकी वर्षं झाली तरी.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पाहुण्यांची गाडी लेट होती, त्यांनी दुसरी सोय केल्याचं फोनवर कळवलं होतं. शाहनवाज रिकामाच परत निघाला होता.

"काय झालं ताई? राह्यला का हिवाळा?"

"राह्यला."

"माशाअल्ला!" त्यानं दार उघडून दिलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला. "तुमच्या हिवाळ्याचं तर झालं. माह्या घाटाचं काय? मालकानं पगारातून कापतो म्हणलं हाय. त्याईचा नकाशा अजून दरीवरूनच उडून राहिला."

दामिनीनं त्याच्याकडं पाहिलं. तिला भूक लागली होती, डोकं ठणकत होतं, आणि सोमवारपासूनचं काम डोक्यात आत्ताच रांग लावून उभं होतं.

"काका ऑफिस किती वाजता बंद करतात?"

"आपण पोचतो तवर करत नाही."

"मग चल. तुझा पगार कापायचा असेल तर तोही माणसाच्या तोंडासमोर कापू दे."

जीप मूर्तिजापूरकडं निघाली. दामिनीनं मांडीवर लॅपटॉप उघडला. परतवाडा ते चिखलदरा, घाटाचं एकेक वळण धरून ती वाट ओढू लागली. समुद्राचं सोमवारी.